भाऊ पाहून राहिले

नागपुरात नगरसेवकाला कोणी नगरसेवक म्हणत नाही. तो भाऊ असतो, बाई असली तर ताई. 'नगरसेवक' हा शब्द फक्त फलकावर उरतो, आणि तिथेही त्याच्यामागे 'आपले लाडके' लागल्याशिवाय त्याला करमत नाही. भाऊ ओळखायला सोपे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, एक मोबाईल खिशातून अर्धा बाहेर, दुसरा कानाला, आणि मागे दुचाकीवर दोन पोट्टे. आपले नेमके काम काय हे त्या पोट्ट्यांना अजून उमगलेले नसते, पण गैरहजर राहिलेले चालत नाही एवढे उमगलेले असते. सकाळी पानठेला, दुपारी झोन ऑफिस, संध्याकाळी कुणाचे बारसे नाहीतर कुणाचा घाट. ठिकाणाप्रमाणे भाऊंचा चेहरा बदलतो, क्रियापद मात्र तेच राहते: 'पाहतो'. गडर लाईन चोक झाली, पाहतो. कुत्री अंगावर धावतात, पाहतो. कोपऱ्यावरचा दिवा गेला आणि अंधारात पोट्टे बसून राहतात, तेही पाहतो. बोलीत त्याचे 'पाहून राहिलो ना मावशी' होते. व्याकरणात हा चालू वर्तमानकाळ, भाऊंच्या तोंडी त्याला अंत नसतो. या क्रियापदाची थट्टा करणे सोपे आहे, आणि मीही ती सोडणार नाही. तरी माझे म्हणणे असे आहे, की मोहल्ल्याच्या सुरक्षिततेसाठी भाऊंच्या हातात या एका क्रियापदाशिवाय काही नाही, आणि मोहल्ला आज जेवढा सुरक्षित आहे त्यातला बराच भाग याच क्रियापदावर उभा आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली आणि शहरांच्या कारभाराचे १८ विषय तिच्यात मांडले. रस्त्यावरचे दिवे आहेत, वाहनतळ आहेत, अग्निशमन आहे, स्मशानभूमी आहे, कत्तलखान्यांचे नियमन आहे, गुरांचे कोंडवाडेसुद्धा आहेत. पोलीस नाहीत. तो राज्याचा विषय. म्हणजे मोकाट गाय भाऊंच्या हद्दीत येते, मोकाट पोरगा गृहखात्याच्या. नागपूरला १९६५ पासून पोलीस आयुक्तालय आहे, आणि त्या आयुक्तांना महापालिकेच्या आमसभेला उत्तर द्यावे लागत नाही. भाऊ आमसभेत कितीही ओरडले तरी एका शिपायाची बदली होत नाही. नागपूरच्या नगरसेवकाला पोलिसांवर हुकूम चालवण्याचा एकच रस्ता आजवर सिद्ध झाला आहे. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये बाविसाव्या वर्षी इथले नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर झाले आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री होऊन गृहखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. निवडून आल्यापासून पोलीस हाताखाली येईपर्यंत बावीस वर्षे. तेवढे दिवस मावशींच्या गल्लीतला दिवा थांबू शकत नाही. (या उदाहरणाचा एक दुष्परिणाम नोंदवून ठेवतो: नागपुरात बावीस वर्षांच्या ज्या कोणा पोट्ट्याचा फोटो फलकावर झळकतो, त्याच्या डोळ्यांत २२ ची ती बेरीज स्पष्ट दिसते.)

तो दिवाच घेऊ. एका अंधाऱ्या गल्लीला किती मालक असतात हे शहराबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दिवा महापालिकेचा. वीज महावितरणची, आणि पुष्कळदा खांबही तिचाच. दिव्यावर आलेली कडुनिंबाची फांदी उद्यान विभागाची. गल्ली '१९०० लेआउट'मधली असली तर ती नागपूर सुधार प्रन्यासची की महापालिकेची, यावरच एक वेगळी फाईल. १९३६ च्या कायद्याने जन्मलेली ही नासुप्र बरखास्त करण्याच्या घोषणा होऊन गेल्या, आणि ती आहे तिथेच आहे. गल्लीच्या तोंडाशी दारू पिऊन बसणारे टोळके पोलिसांचे, ज्या दुकानाच्या ओट्यावर ते बसते त्याचे अतिक्रमण पुन्हा महापालिकेचे, पण विभाग निराळा. प्रत्येक खात्याकडे 'हे आमच्याकडे येत नाही' असे वाक्य तयार असते, आणि खरी पंचाईत ही की प्रत्येकाचे ते वाक्य खरे असते. मावशींच्या दृष्टीने मात्र गोष्ट एकच असते. पोरीची शिकवणी साडेआठला सुटते आणि गल्लीत अंधार आहे. या एका वाक्याचे पाच खात्यांत तुकडे होऊ न देता ते अख्खे ऐकून घेणारा शहरात एकच इसम आहे. त्याला यातल्या एकाही खात्याचा नियम पाठ नसतो, पण प्रत्येक खात्यातला माणूस पाठ असतो. लाईनमनचे नाव, कनिष्ठ अभियंता कधी जागेवर सापडतो ती वेळ, ठाणेदाराचा मूड. मग फोन सुरू होतात. 'साहेब, तेवढी एक चक्कर मारायला लावा ना गाडीला, आठ-साडेआठला.' ही विनंती कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नाही. गाडी फिरते. दोन दिवसांनी टोळक्यातल्या एकाचा बाप भाऊंना पानठेल्यावर भेटतो. भाऊ त्याला एवढेच विचारतात, 'पोट्टा काय करून राहिला सध्या?' बापाला घरी जाऊन काय करायचे ते कळते.

इथे तंत्रज्ञानावर श्रद्धा असलेला वाचक हात वर करील. शहरात साडेतीन हजारांवर सीसीटीव्ही कॅमेरे लागले आहेत, तक्रारीला ॲप आहे, मग मधल्या या माणसाची गरज काय? कॅमेरा पाहतो हे खरे. भाऊही 'पाहतो'च म्हणतात. दोन्ही पाहण्यांत फरक आहे. कॅमेरा झालेली गोष्ट पाहतो, म्हणून साखळी गेल्यावर त्याचा उपयोग होतो. साखळी ओढणारा पोरगा चौकात तीन आठवडे रिकामा बसला होता, हे त्याला दिसूनही कळत नाही. शिवाय कॅमेरे चौकांत, भाऊंच्या तक्रारी गल्लीबोळांतल्या. ॲपचे म्हणाल तर ते दिव्याची तक्रार घेते, फांदीची घेते, गटाराचीही घेते, पण एका वेळी एकाच प्रकारची. 'भीती वाटते' असा प्रकार त्या यादीत नसतो. आणि तक्रार 'निकाली' निघाली असा संदेश आला तर भांडायला समोर कोणी नसते. भाऊंच्या दारात उभे राहून 'अजून अंधारच आहे' असे म्हणता येते, तेही त्यांची बायको ऐकत असताना.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो नागपूरच्या मध्यमवर्गाच्या मनात घट्ट बसलेला आहे: नगरसेवक नकोच, कडक अधिकारी द्या. २०२० मध्ये तुकाराम मुंढे सात महिने इथे महापालिका आयुक्त होते, तेव्हा या मताला भरती आली होती. आयुक्त आणि नगरसेवकांची आमसभेत जुंपली की शहरातल्या दिवाणखान्यांत टाळ्या पडत. शिस्तीचा मोह मला कळतो. पण पुढे नियतीने या मताची परीक्षाच घेतली, आणि तीही भरपूर वेळ देऊन. मार्च २०२२ मध्ये १५१ नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक होईना, आणि जवळजवळ चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. नगरसेवकमुक्त नागपूर! खड्डे त्या काळात कमी झाले असे कोणी म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना दत्तकच घ्यावे असा आदेश दिला, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मधल्या मध्ये कोपऱ्यावरची ती आठ कुत्री नेमकी कुणाची हे विचारायला वॉर्डात कोणी अधिकृत उरले नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट आणि चक्क कॉर्पोरेशन कॉलनीत शिरली, माणसे दगावली, हजारो घरांत चिखल झाला. त्या पहाटे शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. १७ मार्च २०२५ ला महाल-हंसापुरीत दंगल उसळून संचारबंदी लागली, तेव्हाही नव्हता. नगरसेवक असते तर पाणी चढले नसते किंवा दगड पडले नसते, असा दावा मी करणार नाही. नाग नदीच्या काठावर जे काही उभे राहिले ते नगरसेवकांच्याच डोळ्यांदेखत, 'पाहतो पाहतो' म्हणता म्हणता उभे राहिले. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणत्या गल्लीत कोणाचे कोणाशी बिनसले आहे, ही माहिती ज्याच्या डोक्यात असते, आणि जिचा उपयोग न केल्यास ज्याला पुढच्या वेळी मते मिळत नाहीत, असा माणूस प्रशासकाच्या आराखड्यात नव्हता. लोकांनी तो आपापल्या परीने शोधलाच. 'माजी' भाऊंचे फोन चार वर्षे वाजत राहिले. फलकावर तो 'माजी' इतक्या बारीक टायपात छापलेला असे, की वाचायला चष्मा लागावा.

आता तिसरा आक्षेप, आणि तो खोडून काढणे मला जमणार नाही. असुरक्षिततेचा एक भाग भाऊ स्वतःच तयार करतात. गतिरोधक घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात त्याची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. देशाच्या रस्त्यांची पहिली वीस वर्षांची योजना १९४३ मध्ये ज्या गावात ठरली आणि 'नागपूर प्लॅन' म्हणून ओळखली गेली, त्याच गावात भाऊंचा गतिरोधक मागणीनुसार वाढतो. अपघात झाला की एक. समोरच्या लेआउटला मिळाला म्हणून दुसरा. तिसरा भाऊंच्या घरासमोर. गर्भार बाई रिक्षातून जाताना जिच्या नावाने बोटे मोडते ती सुरक्षितता हीच. फलकांचे तेच, मंडळाच्या डीजेचे तेच. गट्टू दरवर्षी उखडून पुन्हा बसतात तेही तसेच. आणि ओळखीचे शस्त्र दुधारी असते. टोळक्यातल्या पोट्ट्याचा बाप ओळखीचा, तसा टोळीचा म्होरक्याही ओळखीचा. निवडणुकीत खुर्च्या मांडायला कोण येते, ते सगळा वॉर्ड बघत असतो. २००४ च्या ऑगस्टमध्ये कस्तुरबानगरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे छळणाऱ्या अक्कू यादवला जिल्हा न्यायालयात गाठून ठार केले. शहरात तेव्हा पोलीस होते आणि नगरसेवकही होते. त्या बायकांच्या तक्रारीला 'पाहतो' कोण म्हणाले आणि कोणी पाहिले नाही, या प्रश्नावर विनोद होत नाही. माझ्या युक्तिवादाची सीमा तिथे आहे हे मान्य. ओळखीवर चालणारी व्यवस्था ओळख नसलेल्यांना दाराबाहेर ठेवते. फक्त त्यावर उपाय म्हणून ओळखच पुसून टाकावी, हे मला पटत नाही. त्या वस्तीला खात्यांची कमतरता नव्हती.

या शहराला हिशेब मागण्याची जुनी रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तिच्यामागे बडगे निघतात. कागद-बांबूच्या त्या पुतळ्यांच्या गळ्यात खड्ड्यांपासून महागाईपर्यंत सगळ्या तक्रारींच्या पाट्या असतात, शेवटी ते जाळतात. महापालिकेचे असे लेखापरीक्षण दुसऱ्या कुठल्या गावात होत नसावे. मजा अशी, की मिरवणुकीच्या वाटेवर स्वागताचा मांडव घालून पाणी वाटायला भाऊच उभे असतात. आपलाच बडग्या पुढे चाललेला दिसला तरी ते हात जोडतात. राग धरणे त्यांना परवडत नाही.

२०२६ च्या जानेवारीत अखेर निवडणूक झाली आणि भाऊंच्या नावामागचा तो बारीक 'माजी' काहींच्या बाबतीत गळाला, काहींच्या बाबतीत कायमचा चिकटला. प्रभाग बहुतेक चार-चार सदस्यांचे, जागा अ, ब, क, ड. निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळे जिथे ताई निवडून आल्या आहेत तिथे फोन पुष्कळदा ताईंचे यजमान उचलतात आणि 'पाहतो' तेच म्हणतात. दिवा गेल्याची तक्रार अ कडून ब कडे, ब कडून क कडे फिरते. दिवा लागला की चौघेही खांबाखाली उभे असतात. फोटो निघतो. मावशी गर्दी पांगेपर्यंत थांबतात आणि मग हळूच पुढे होतात.

'भाऊ, लाईट तं लागला. पण आता दिवसाबी बंद नाही होऊन राहिला.'

भाऊ भर उन्हात जळणाऱ्या दिव्याकडे मान वर करून बघतात, डोळे किलकिले करतात, आणि खिशातला फोन काढतात.

'पाहतो.'