क्रूझर-थांबा-निर्णय

शास्त्राच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगावेत, असा दंडक आहे. प्रस्तुत शास्त्राचा विषय: जानेफळहून निघालेली क्रूझर गाडी लोणारच्या विवराकाठी दीड तास थांबली असता काय पाहावे. प्रयोजन: भांडण टाळणे. संबंध: चुलत, मावस आणि सासरचे. अधिकारी: डिझेलचे पैसे देणारा, मात्र त्याचे कोणी ऐकत नाही.

परदेशी लोक क्रूझ नावाच्या जहाजाने सँटोरिनी बेटाला जातात. ज्वालामुखीच्या खचलेल्या पोटात समुद्र शिरला आहे, तिथे जहाज थांबते आणि मंडळी कड्यावरच्या गावात पायऱ्यांनी जावे, खेचरावरून जावे की केबल कारने, याचा खल करतात. आमच्या क्रूझरला एक 'र' जास्त आहे. त्या जादा 'र'मध्ये चार माणसे आणि दशम्यांचा डबा बसतो.

आता पूर्वपक्ष. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, भोवती सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. कातळ लाव्हाचा, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, असे जाणकार बराच काळ मानत. पुढे इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडले. ही काच प्रचंड आघाताशिवाय बनत नाही. १९७३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि खड्डा अशनीचा ठरला. म्हणजे जे घडले ते खालून की वरून, एवढे ठरवायला विद्वानांना दीडशे वर्षे लागली. तर 'खाली उतरायचं की वरूनच पाहायचं' हे आमच्या मंडळींनी दीड तासात ठरवावे, ही अपेक्षाच अशास्त्रीय होय.

या प्रश्नावर चार पंथ आढळतात. अवरोही पंथ विवरात उतरून कमळजा देवीला जातो. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारे, असे सांगतात. गोड अर्धे कोणाचे, यावर परतीचा अख्खा चढ पुरतो. धारावादी पंथ इथल्या झऱ्याच्या धारेखाली आंघोळ करतो आणि ओले कपडे गाडीच्या खिडकीला वाळत घालतो. तिसरा पंथ काठावर उभा राहून पाहतो; 'तटस्थ' हा शब्द मुळात याच्यासाठीच झाला असावा. चौथा गाडीस्थ, खिडकीची जागा जाईल म्हणून तो उतरतच नाही. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरापुरते मात्र चारही पंथ एक होतात, कारण तिथे चढउतार नाही.

निर्णयाला प्रमाणे तीन. गुडघा हे प्रत्यक्ष. उतरलेले सगळे चढावे लागते, हे अनुमान. आणि शब्दप्रमाण म्हणजे आत्याबाई. गेल्या खेपेला सगळे उतरायच्या बेतात असताना त्या डब्याचे झाकण उघडत एवढेच बोलल्या, "उतराले काय जाते बावा, चढाले कोन येईन?" अवरोही पंथ जागीच विसर्जित झाला. ठेचा निघाला. खालून तळ्याच्या पाण्याचा उग्र वास वर येत होता, तो ठेच्यापुढे टिकला नाही.

पुण्याच्या भाच्याने मग शंका काढली की पाणी गुलाबी असते ना? जून २०२० मध्ये ते खरेच गुलाबी झाले होते. खारटपणा वाढला तेव्हा मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले, असा तपासणीचा निष्कर्ष निघाला. मी हे सविस्तर सांगत होतो, तेवढ्यात आत्याबाईंनी निकाल दिला, "नव्या लुगड्याचा रंग व्हता बाप्पा तो. धुण्यात गेला."

सिद्धान्त असा की निवड कोणीच करत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. तोपर्यंत जे पाहून झाले, तेच पाहायचे ठरलेले होते, असे घरी जाऊन सांगायचे.

प्रस्तुत ग्रंथकार सात वेळा लोणारला गेला आहे. पाहुणे आल्याशिवाय जानेफळचा माणूस लोणारला जात नाही, आणि पाहुणे असले की कोणीतरी चपला सांभाळायला लागतो. वरील शास्त्र त्या चपलांशेजारी बसून सुचले. पाण्याला हात अजून लागलेला नाही.