नाना, नाटकशाळा कुठं बांधलीत?

ति. रा. रा. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांस
(मुंबईच्या टाउन हॉलात तुमचा संगमरवरी पुतळा आहे, म्हणून पत्र तिकडेच धाडतो आहे.)

मुरबाडहून शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी पुन्हा अर्धंच नाटक बघून आलो. तेही पुढचं अर्धं. सासरा घर सोडून का गेला हे पहिल्या अंकात होतं म्हणे. दुसऱ्या अंकात तो परत आला तेव्हा सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि मी बाजूच्या माणसाकडे बघत होतो. आमच्या हिने मध्यंतरात बायकांच्या रांगेत उभं राहून एका अनोळखी बाईंकडून अख्खा पहिला अंक ऐकून घेतला, त्यामुळे तिला रडता तरी आलं. पुरुषांच्या रांगेत कुणी नाटकाबद्दल बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, हे मला कशाला सांगतोस? सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे. १० फेब्रुवारी १८०३ ला मुरबाडात जन्मलात, मुरकुट्यांच्या घरात. पुढे मुंबईत जाऊन तुम्ही केलेल्या कामांची यादी आम्हाला शाळेत पाठ होती. त्यातल्या दोन गोष्टींशी माझी अजून गाठ पडते : रेल्वे आणि नाटकशाळा. तक्रार तुमच्याविषयी नाही, तुमच्याकडे आहे. गावातल्या वडीलधाऱ्याकडे न्यावी तशी. दुसऱ्या कुणाला सांगावं तर तो म्हणतो, "घरी बसून मोबाइलवर बघा की."

आधी जाहिरातीचं सांगतो. रविवारचा पेपर उघडला की नाटकांचं पान लागतं. त्यावर नाटकाचं नाव मोठं, नटांचे चेहरे त्याहून मोठे आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ : 'शिवाजी दु. ३.३०, कालिदास दु. ४, सावित्रीबाई दु. ४.३०, गडकरी रा. ८.३०.' एवढंच. थोरामोठ्यांनी भेटीच्या वेळा कळवाव्यात तसं. कालिदास कुठे राहतात, शिवाजी कुठे उतरले आहेत, काही नाही. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच ती ओळ छापलेली असते. मुरबाडात बी-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्याला कालिदास मुलुंडला असतात हे कसं कळावं?

बरं, ही नावंही एकेका ठिकाणी थांबत नाहीत. दीनानाथ पार्ल्यालाही आहेत आणि सांगलीलाही. यशवंत माटुंग्याला, तर यशवंतराव चव्हाण कोथरूडला. बालगंधर्व पुण्यात आहेतच, मिरजेतही आहेत. अत्रे कल्याणलाही आणि पिंपरीलाही. मागे एकदा पुतण्याने फोनवर 'आचार्य अत्रे रंगमंदिर' टाइप केलं आणि फोनमधल्या बाईने आम्हाला मुरबाडच्या नाक्यावरून थेट माळशेज घाटाच्या रस्त्याला लावलं. सरळगाव मागे पडेपर्यंत पुतण्या म्हणत होता, "काका, शॉर्टकट असेल." कल्याणला जायला माळशेज घाट लागत नाही हे मुरबाडचं शेंबडं पोरही सांगेल, पण बाई इतक्या ठाम आवाजात बोलत होती की मीसुद्धा पंधरा मिनिटं गप्प बसलो. ती आम्हाला पिंपरीला नेत होती.

आता रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला निघाली. ती आणणाऱ्या मंडळींत तुम्ही होतात. (नाटकवाले आजही दुपारचा खेळ साडेतीनला लावतात. गाडीला पाच मिनिटं उशीर झाला, तेवढं चालायचंच.) पुढच्याच वर्षी, १८५४ ला, गाडी कल्याणला पोचली. वर्षाला एक गाव या हिशेबाने १८५५ ला ती मुरबाडला यायला हरकत नव्हती. कल्याणहून आम्ही तीसेक किलोमीटरवर. पण रूळ शहापूरच्या अंगाला वळले आणि कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे निघून गेले. त्यामुळे शहापूरचा माझा साडू आसनगावला लोकलमध्ये खिडकी पकडून बसतो आणि मी एस. टी.त गोवेली, रायते, कांबा, वरप, म्हारळ असे थांबे मोजत शहाडच्या पुलावर अडकतो. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या घोषणा ऐकता ऐकता माझे केस पिकले. साडू हल्ली आमच्याकडे आला की मुद्दाम विचारतो, "काय, आली का गाडी?"

गेल्या रविवारी तिकिटं घाणेकरची होती, ठाण्याची. ठाण्याचं नाट्यगृह म्हणजे तलावपाळीचं गडकरी रंगायतन, हे माझ्या डोक्यात १९७८ पासून बसलेलं. त्या साली ते सुरू झालं आणि वडिलांनी मला तिथे नेलं होतं. पाय आपोआप तिकडेच गेले. दारावरच्या माणसाने तिकीट उलटंसुलटं केलं.

"काका, हे घाणेकरचं आहे."

"घाणेकरांचंच बघायचंय," ही म्हणाली.

त्याने आमच्याकडे जरा दयेने पाहिलं. काशिनाथ घाणेकर १९८६ ला गेले हे आम्हालाही ठाऊक होतं. त्यांच्या नावाचं दुसरं नाट्यगृह ठाण्यातच, पण पार मानपाड्याच्या बाजूला आहे, हे मात्र आत्ता कळलं. "हिरानंदानीत," तो म्हणाला. रिक्षावाल्याला आम्ही तेच सांगितलं आणि तिथेच फसलो. नाना, ठाण्यात हिरानंदानी दोन आहेत. एक मेडोज, एक इस्टेट. नाट्यगृह मेडोजमध्ये. आम्ही घोडबंदर रस्त्याने इस्टेटीत. तिथे भातशेताला बांध असतो तशी सगळीकडे भिंत आणि भिंतीत एक वॉचमन.

"इथं नाटक कुठं आहे?"

"इथं नाटक नाय. फ्लॅट आहेत."

पुन्हा रिक्षा. पोचलो तेव्हा इमारत समोर दिसली, जिना दिसला, दार दिसलं, आत काळोख होता म्हणून हायसं वाटलं आणि आम्ही चाचपडत जाऊन बसलो. दहा मिनिटांनी स्टेजवर सशाचे कान लावलेली मुलं आली. तिथे दोन नाट्यगृहं आहेत, एक मोठं, एक लघु. आम्ही लघुमध्ये एका शाळेच्या संमेलनात बसलो होतो. ससे चांगले होते. मोठ्या नाट्यगृहात शिरलो तोच पडदा पडला आणि दिवे लागले. सगळे बटाटेवड्याकडे निघाले होते.

शेवटही मी नीट बघितला नाही. कल्याणहून मुरबाडची शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या प्रवेशाला मी उठतोच. सुरुवात रस्त्यात जाते, शेवट एस. टी.त. मधला जो भाग पदरात पडतो त्यावर मी गावात समीक्षा करतो.

दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाचं थोडक्यात सांगतो. 'शिवाजी मंदिर' असं विचारलं तर आमच्या भागात माणसं भिवंडीकडे बोट दाखवतात; तिथे मराडे पाड्याला महाराजांचं खरंच मंदिर झालं आहे. दादरला विचारलं तर एकाने शिवाजी पार्कला पाठवलं. ते प्लाझा सिनेमासमोर आहे असं कळल्यावर प्लाझाच्याच समोर उभं राहून प्लाझा कुठे आहे असं विचारण्यापर्यंत माझी मजल गेली. त्यात दादर स्टेशनच मुळात दोन, मध्य आणि पश्चिम. दोघांचे फलाट पूर्वी एकापासूनच मोजायचे. मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर मिळाले ते २०२३ च्या डिसेंबरात. तोवर "एक नंबरवर भेटू" असं ठरवून मी आणि साडू एकदा तासभर आपापल्या एक नंबरवर उभे होतो.

आमच्याकडे असं होत नाही, नाना. म्हशाच्या यात्रेत तमाशाचा फड लागतो तेव्हा पत्ता कुणी विचारत नाही. बैलबाजाराच्या पलीकडून ढोलकी कानावर येते, तिच्या मागे चालायचं. शहापूरकडे बोहाडा असतो. त्यात तर तुम्ही ओट्यावर बसलेलेच असता आणि रात्री संबळाच्या तालावर मुखवटे चढवलेली सोंगंच नाचत तुमच्या दारापर्यंत येतात. प्रेक्षक जागेवर, नाटक फिरतं. शहरात उलटं केलं आहे.

तर हे सगळं मनात साठलेलं असताना एकदा मुंबईत लग्नाला आलो होतो आणि दुपार मोकळी मिळाली. म्हटलं, इतरांची नाट्यगृहं सापडत नाहीत, निदान आपल्या माणसाची तरी बघून येऊ. तुम्ही जागा दिलीत आणि १८४६ ला जी उभी राहिली ती ग्रँट रोडची नाटकशाळा. शंकरशेटची नाटकशाळा असंही लोक म्हणायचे तिला. मी ग्रँट रोड स्टेशनला उतरलो आणि नाव ओळखीचं म्हणून पश्चिमेला नाना चौकाकडे गेलो. तिथे डोक्यावर गोल स्कायवॉक आहे. चढलो, चालत राहिलो, खाली बसगाड्या, समोर इमारती, आणि थोड्या वेळाने तोच जिना पुन्हा आला. तेव्हा लक्षात आलं, की मी तुमच्या चौकाला प्रदक्षिणा घातली आहे.

खाली उतरून एका चहावाल्याला नाटकशाळा विचारली. तो म्हणाला, "भाजी गल्ली? ती समोर." मग स्टेशन ओलांडून पूर्वेला आलो. "ग्रँट रोड कुठला हो?" "हा सगळा ग्रँट रोडच." पण पाटीवर नाव होतं मौलाना शौकत अली रोड. तोच खरा जुना ग्रँट रोड; रस्त्याने नाव बदललं, स्टेशनाने ठेवलं. एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवून विचारलं, "ड्रामा? पिला हाऊस बोलो ना." मी अर्धा तास पिवळं घर शोधत हिंडलो. शेवटी बस स्टॉपवर एका मास्तरांसारख्या दिसणाऱ्या गृहस्थाने उलगडा केला. पिला हाऊस म्हणजे प्ले हाऊस. तुमच्या नाटकशाळेनंतर तिथे एकामागून एक थिएटरं उभी राहिली, साहेबाच्या तोंडचं प्ले हाऊस लोकांच्या तोंडात पिला हाऊस झालं, मग नाटकं गेली, सिनेमे आले आणि नाव तेवढं राहिलं. तुमची इमारत कुठेच नाही.

मी तिथल्याच एका बाकड्यावर बसून केळं खाल्लं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट आठवून जरा बरंही वाटलं. किल्ल्यातलं जुनं नाट्यगृह कर्जापायी विकलं गेलं आणि नवं तुमच्या जागेवर आलं, तेव्हा फोर्टातले साहेबलोक कुरकुरले होते, की फार लांब आहे, बाजारातून जावं लागतं. त्यांना ते लांब पडलं म्हणून ते आपल्या लोकांच्या वाट्याला आलं. त्याच १८५३ साली, ज्या साली तुमची गाडी ठाण्याला आली, विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन सांगलीहून आले आणि तुमच्या नाटकशाळेत मराठी खेळ झाले. पारशांचं पहिलं नाटकही त्याच वर्षी तिथेच. भाव्यांना सांगलीहून रेल्वे नव्हती आणि खिशात वाट सांगणारी बाईही नव्हती. तरी ते बरोबर ग्रँट रोडला पोचले. कारण सरळ आहे, तुमच्या नाटकशाळेचं नावच तिचा पत्ता होता.

म्हणून दोन विनंत्या. तिकडे कुणाशी ओळख असेल तर रेल्वेचं तेवढं बघा. आता साडूचं तोंड बघवत नाही. आणि जाहिराती छापणाऱ्यांच्या स्वप्नात एकदा जाऊन या. त्यांना म्हणावं, नटांचे चेहरे नखाएवढे लहान करा आणि उरलेल्या जागेत एक ओळ घाला : स्टेशन कुठलं, पूर्व की पश्चिम, आणि नाटक सुटतं किती वाजता. एवढ्यावर मुरबाड, शहापूर, वाडा, जव्हार, सगळीकडची माणसं येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मुरबाडकर

ता. क. येत्या रविवारी अत्रे रंगमंदिरात नाटक आहे, दुपारी ४.३०. अत्रे कल्याणचेच, हे तिकीट काढताना दोनदा विचारून घेतलं आहे. आम्ही सकाळी दहाच्या एस. टी.ने निघतोय.