बेकार नव्हे, संपावर

लालबाग-परळच्या एखाद्या चाळीखाली, कठड्यावर बसून पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत येणारा सत्तरीच्या आसपासचा माणूस दिसला, तर त्याला “काका, सध्या काय करता?” असं विचारू नये. विचारायचंच असेल तर अर्धा तास हाताशी ठेवावा. ‘रिटायर’ हा शब्द त्याला मान्य नाही. रिटायर व्हायला शाल लागते, नारळ लागतो, साहेबाचं दोन मिनिटं खोटं भाषण लागतं. यातलं त्याला काही मिळालेलं नाही. आणि ‘बेकार’ म्हणालात तर तो पेपरची घडी घालतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि तुम्हाला नीट न्याहाळतो. बेकार ती नाक्यावरची पोरं. तो संपावर आहे.

कागदोपत्री त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर मुंबईतल्या साठेक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पंधरा दिवसांत मिटेल, फार तर होळीपर्यंत, असा तेव्हाचा हिशोब. होळ्या आल्या आणि गेल्या. पण तो संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. जुनं धोतर विरतं तसा तो विरत गेला. काही जण पडेल त्या अटीवर आत गेले, हजारोंना कुणी आत घेतलंच नाही, पुढे गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. सामंत १९८४ ला खासदार झाले, १९९७ च्या जानेवारीत त्यांचा खून झाला. “डॉक्टरांनी आत जा म्हणून सांगितलं नाही. मग मी कसा जाणार?” असं तो विचारतो, आणि हे तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो. भांडण नसतं ते. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलण्याचं बटणच नसतं. बायकोला गुपित सांगायला लागला की समोरच्या चाळीतून सल्ला येतो.

संपावर असला तरी पाळी त्याने सोडलेली नाही. पहिली पाळी सातची. पावणेसातला तो आंघोळ करून, भांग पाडून तयार. भोंगा कधीच बंद झाला, पण त्याच्या पोटात अजून वाजतो. साडेतीनला दुसरी पाळी लागायची, म्हणून साडेतीनला तो चहा मागतो. तीन वीसला आणून दिला तर निवू देतो.

मुळात काम नसण्याची त्याची सवय संपाच्याही आधीची. तो बदली कामगार म्हणून लागला. बदलीवाल्याने रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी दांडी मारली, आजारी पडला किंवा मयताला गावी गेला, तर त्या दिवसापुरती हजेरी. नाहीतर डबा जसाच्या तसा घरी. दुसऱ्याच्या तापावर आपला पगार, असा तो कारभार. बदल्यांना कायम करा ही त्या संपाची एक मागणी होती, हे मात्र पगारवाढीच्या आकड्यांपुढे पुष्कळांच्या लक्षात राहिलेलं नाही. त्याच्या आहे. नातू मोबाइल घेऊन घरपोच खाणं पोचवायचं काम करतो. परवा तो म्हणाला, “आजोबा, लॉगिन करून बसलोय, पण ऑर्डरच येत नाहीये.” आजोबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे बदलीच की रे तू! फक्त गेट खिशात.”

मधल्या चाळीसेक वर्षांत त्याने काय केलं? विचारलं की “तात्पुरतं” हा शब्द येतो. तात्पुरती भाजीची पाटी टाकली. तात्पुरती वड्याची गाडी लावली. ती मात्र उधारीत बुडाली, कारण गिऱ्हाईक सगळे संपवालेच. एका टॉवरच्या फाटकावर अठरा वर्षं तात्पुरती वॉचमनकी केली. आणि घर? “घर चालतंय,” तो म्हणतो. मराठी भाषेची ही मोठी सोय आहे. घर आपलं आपण चालतं. कुणी चालवतं म्हटलं की कर्ता सांगावा लागतो. कर्ती आत असते. संपाच्या दुसऱ्या महिन्यात ती पापड लाटायला लागली, मग चार माणसांचे डबे, मग मसाला कुटून विकणं. नवरा संपावर गेला तेव्हा ती कामावर गेली, आणि तिच्याही कामाची सुट्टी अजून कुणी जाहीर केलेली नाही. तिला सामंतांबद्दल विचारलं तर ती म्हणते, “माणूस चांगला होता,” आणि कुकरची शिट्टी बघायला उठते.

लोअर परळच्या मॉलमध्ये त्याला एकदा तरी घेऊन जावं. फिनिक्स गिरणीची चिमणी तिथे अजून उभी आहे. तिच्या आवारात नव्वदच्या दशकात बोलिंगचे गोळे गडगडू लागले आणि मग दुकानं आली. दारात सुरक्षारक्षक अंग चाचपतो तेव्हा बरोबरची मंडळी कानकोंडी होतात. हा दोन्ही हात वर करून ऐटीत उभा राहतो. गिरणीतही पाळी सुटताना झडती व्हायची, फक्त तेव्हा बाहेर पडताना आणि आता आत शिरताना. आत गेल्यावर तो कुठल्याही शर्टाचं टोक अंगठा आणि तर्जनीत चोळतो आणि सुताचा नंबर सांगतो. चार हजारांच्या शर्टाची शिवण उलटी करून “कापडात जीव नाही,” असा निकाल देतो. सेल्समन पोरगा बिचारा “सर, ट्राय करायचाय का?” विचारतो. उत्तरादाखल त्याला गिरण्यांच्या जमिनीचा कायदा ऐकावा लागतो: १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला, २००१ ला नियम फिरवला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेची राहिली, २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. “तेव्हा तू उभा आहेस ना, तो तिसरा हिस्सा समज.” पोरगा पायाखाली बघतो.

त्याची खरी इस्टेट म्हणजे एक प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात तिकीट नंबर, लाल पास, फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड. म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला तुम्ही मस्टरवर होता हे दाखवावं लागतं. म्हणजे सरकारलाही तो कामावर हवा आहे, पण संपाच्या सतरा दिवस आधी. जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. चाळीतल्या एकाला लागलं तेव्हा याने पेढे वाटले, वर “गेटवर नंबर लागतोच कधीतरी,” असा धीर बाकीच्यांना दिला.

अलीकडे गिरणी कामगारांना शेलू-वांगणीला घरं देण्याची चर्चा निघाली. कामगारांच्या बैठकीत बरेच जण तापले. इतक्या लांब म्हाताऱ्यांनी जायचं कसं, मुंबईतच घर द्या, असं म्हणणं होतं. हा शेवटच्या रांगेतून उठला, सवयीने ओरडला. संयोजकाला वाटलं, आता मोठा मुद्दा येणार. त्याने माइक पुढे केला. याला माइकची गरज नव्हती.

“ते सगळं ठीक आहे,” तो म्हणाला. “शेलूहून पहिली गाडी कितीची? सातला गेटवर पोचायला पाहिजे.”