ग्रेट म्हणजे नेमकं केवढं?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली, तेव्हा तिच्या कंपनीचं नाव होतं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रूळ जेमतेम ३४ किलोमीटर, पण नावात ग्रेट! तिथे बिग लिहिलं असतं तर लंडनमध्ये शेअर घ्यायला कुणी फिरकलं नसतं.

मोठेपणाची इंग्रजी विशेषणं लग्नाच्या पंगतीतल्या पाहुण्यांसारखी असतात. कोण कुणाशेजारी बसणार हे आधीच ठरलेलं, आणि कारण विचारायची सोय नाही. चूक बिग असते, लार्ज नसते. लोकसंख्या मात्र लार्ज. थोरला भाऊ बिग ब्रदर. त्याला लार्ज ब्रदर म्हटलं की वयाऐवजी वजन निघतं. बारमध्ये साठ मिलिलिटरला लार्ज म्हणतात. बिग मागितलात, तर वेटर समजेल की साहेबांना आता पुरे झाली.

ग्रेटचं आणखी वेगळंच. माळढोकाला इंग्रजीत ग्रेट इंडियन बस्टर्ड म्हणतात, ते त्याच्या कर्तृत्वामुळे नव्हे, आकारामुळे. ग्रेट ब्रिटनमधलं ग्रेटही मूळचं आकाराचंच आहे. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये धाकटं ब्रिटनी आहे, त्याच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून लावलेलं. पुढे साहेबाने ते फारच मनावर घेतलं, हा भाग वेगळा.

आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांना सगळ्यात प्रिय शब्द म्हणजे व्हास्ट. ‘व्हास्ट एक्स्पीरिअन्स’ लिहिल्याशिवाय अर्ज पुराच होत नाही. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ ओसाड, रिकामा. काही अर्जदारांच्या बाबतीत तो तंतोतंत बसतो.

बरं, विशेषण अचूक निवडलं तरी ते कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. जे. आर. आर. टॉल्किन यांनी लहानपणी एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली आणि त्यात त्याला ‘ग्रीन ग्रेट ड्रॅगन’ म्हटलं. आईने बजावलं, असं म्हणत नाहीत. आधी ग्रेट, मग ग्रीन. असं का, हे कोडं टॉल्किनना तेव्हा सुटलं नाही. पुढे ते ऑक्सफर्डला इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आणि १९५५ साली, साठी उलटल्यावर, एका पत्रात त्यांनी कळवलं की ते अजूनही सुटलेलं नाही.

तेव्हा सर, बाई, पोराने लार्जच्या जागी बिग लिहिलं तर निदान अर्धा मार्क तरी द्याच.