समुद्राचं नाव, कॅप्सूलचा भाव

थंड समुद्रातल्या शेवाळाने कॅन्सर बरा होतो, असं कोणी सांगितलं की त्याला एकच विचारा: कोणाचा झाला? उंदराचा, काचेच्या बशीतल्या पेशींचा, की माणसाचा? तो बहुधा थेट उत्तर देणार नाही. जपानचं नाव घेईल, ओकिनावातली शंभरी गाठलेली माणसं पुढे करेल. (ओकिनावाचा समुद्र मुळात थंड नाहीच, पण ते असो.)

सध्या बोलबाला आहे फुकॉइडनचा. तपकिरी शेवाळातला हा बुळबुळीत पदार्थ स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ साली वेगळा केला. तेव्हापासून त्याच्यावर संशोधन चालू आहे आणि ते मोलाचं आहे. प्रयोगशाळेत फुकॉइडन रक्त गोठण्याचा वेग कमी करतं, काही विषाणूंना पेशीला चिकटू देत नाही, काही कॅन्सरपेशींची वाढ रोखतं. पण इथून औषधापर्यंतची वाट फार लांब आहे. हा रेणू अवजड. तोंडावाटे घेतला तर आतड्यातून रक्तात नेमका किती उतरतो, इथेच पहिलं घोडं अडतं. शिवाय फुकॉइडन हा एक रेणू नाहीच, ते अख्खं कुटुंब आहे. शेवाळाची जात बदलली, काढणीचा महिना बदलला, अर्क काढायची पद्धत बदलली, की पदार्थ बदलतो. औषधाच्या प्रत्येक गोळीत तेच आणि तेवढंच असावं लागतं. एका शेवाळावरचा शोधनिबंध दाखवून दुसऱ्याच शेवाळाची कॅप्सूल विकणं ही फसवणूक आहे.

परिचयातल्या एका काकूंच्या घरी केमोच्या फाइलशेजारी अशा कॅप्सूलची बाटली पाहिली. मुलाने अमेरिकेहून पाठवलेली. समोर निळी लाट आणि मोठ्या अक्षरांत प्रतिकारशक्तीची हमी. मागे, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत: हे उत्पादन कोणत्याही आजाराचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. काकूंना ती मागची बाजू कोणी वाचून दाखवली नव्हती. डॉक्टरांना तर बाटलीचा पत्ताच नव्हता, कारण ‘नैसर्गिकच तर आहे, त्यात काय सांगायचं?’

सांगायचं असतं, काकू. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना रक्त गोठू न देणारा आणखी एक पदार्थ पोटात गेला, तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं. केल्प, म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळाच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळीच. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं आणि आपल्याकडे ते मिठातून मिळतं. सुकवलेल्या केल्पच्या एका ग्रॅममध्येच हजाराहून जास्त मायक्रोग्रॅम असू शकतात. त्याने थायरॉइड सुधारण्याऐवजी बिघडू शकतं, आणि या कॅप्सूल थायरॉइडच्याच रुग्णांना विकल्या जातात.

याचा राग येतो, कारण शेवाळाने खरी औषधं दिलेली आहेत. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा शेवाळाच्या राखेवर काम करत होते. बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा होता. राखेच्या द्रावणात अ‍ॅसिड जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. १८२० साली जिनिव्हाचे डॉक्टर कुआन्दे यांनी ते गलगंडावर दिलं आणि गाठी उतरू लागल्या. लोकांची झुंबड उडाली, मनाला येईल तेवढं घेतलं जाऊ लागलं, तेव्हा जादा मात्रेने अपाय होतो हे खुद्द कुआन्दे यांनीच बजावलं. ज्याने औषध दिलं त्यानेच धोकाही सांगितला. आजच्या विक्रेत्यांकडून एवढीच अपेक्षा आहे.

दुसरं उदाहरण आपल्या घरातलं. जळजळ झाली की घेतो त्या गॅव्हिस्कॉनमध्ये अल्जिनेट असतं, तपकिरी शेवाळातून काढलेलं. पोटातल्या आम्लाशी गाठ पडताच त्याचा जेल होतो. सोबतच्या बायकार्बोनेटमधून सुटलेले गॅसचे बुडबुडे त्या जेलमध्ये अडकतात आणि तो हलका होऊन अन्नावर तरंगतो. आम्ल वर उसळायला गेलं तर वाटेत हा तराफा आडवा येतो. हेच अल्जिनेट जखमेच्या पट्टीतही असतं. पट्टीतलं कॅल्शियम आणि जखमेच्या स्रावातलं सोडियम यांची अदलाबदल होते, धाग्यांचा ओलसर जेल होतो, आणि पट्टी बदलताना जखम पुन्हा सोलवटत नाही. मधुमेहाने पाय चिघळलेल्या माणसाला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे. यात चमत्कार कुठेच नाही. काय होतं, कशाने होतं, किती होतं, हे सगळं तपासलेलं आहे.

अशा तपासणीत दरवेळी यशच येतं असंही नाही. नॉर्वेच्या थंड किनाऱ्यावरच्या केल्पपासून तिथल्या अल्जीफार्मा कंपनीने अल्जिनेटचे छोटे तुकडे तयार केले. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात फुप्फुसात साचणारा घट्ट कफ या तुकड्यांमुळे मोकळा होईल, अशी आशा होती. रुग्णांनी २८ दिवस ती भुकटी श्वासातून घेतली. निष्कर्ष २०२० साली छापून आला: सुरक्षित आहे, पण फुप्फुसाची क्षमता लक्षणीय सुधारली नाही. मला या निकालाबद्दल आदर वाटतो. आशा होती, पैसा लागला होता, तरी जे दिसलं तेच लिहिलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने कॅन्सर, मधुमेह आणि गलगंडसुद्धा बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला बंदी आहे. पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं सक्तीचं आहे. पण डब्यावर जे छापता येत नाही, ते व्हॉट्सॲपवर आणि सोसायटीच्या हॉलमधल्या ‘आरोग्य मेळाव्यात’ बिनदिक्कत बोललं जातं. पुढच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसा आणि डब्यावरची ती ओळ माइकवर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि घरात अशी बाटली आधीच आली असेल, तर पुढच्या तपासणीला ती पिशवीत घालून न्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.