पट्टा चार बोटं वर

जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागतं. नौदलाची ५६ फुटी ‘म्हादेई’ याच बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले; शिडाच्या बोटीतून एकट्यानं असं करणारे ते पहिले भारतीय. आमच्या दाजींनी निवृत्तीच्या पैशातून बोट बांधायला दिवाडीच निवडली ती याच पुण्याईवर. दोंद्यांनी जग पाहिलं. दाजींना मालवणपर्यंत जायचं होतं.

मुंबईचा दाखला तर याहून जुना. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता ३१२ दिवसांत एकटा जगाला वळसा घालून आला, ती ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईतच बांधलेली, अस्सल सागवानाची. गड्यानं टपालानं आराखडा मागवला एका बोटीचा, आला दुसऱ्याच बोटीचा. थांबायला सवड नव्हती, म्हणून आला तोच बांधून काढला. दाजींच्या बाबतीत आराखडा बरोबर आला. मग तो ताईनं पाहिला.

आराखड्यात झोपायला दोन फूट रुंदीच्या फळ्या होत्या आणि स्वयंपाकाची जागा अशी, की आत शिरलेल्या माणसानं जेवण झाल्यावरच बाहेर पडावं. “बोट बांधताय की येरवड्याची कोठडी?” ताईनं विचारलं. कारखान्यातल्या म्हाताऱ्या मेस्तानं शांतपणे सांगून पाहिलं, “बाय, दर्यात ऐसपैस जागा म्हणजे पडायला जागा.” बायनं ते ऐकलं आणि सहा बाय पाचच्या डबलबेडचं माप त्याच्या हातात ठेवलं. बेडच्या पाठोपाठ फ्रिज आला. फ्रिजला वीज हवी म्हणून बॅटऱ्या आल्या, बॅटऱ्या भरायला छतावर सोलर आलं. शेवटी ओट्याला ग्रॅनाइट आलं. समुद्रावर ग्रॅनाइट कशाला, असं विचारायची दाजींची हिंमत झाली नाही. पस्तीस वर्षांचा संसार आहे. नको तिथे वल्हं मारू नये हे त्यांना कळतं.

बोट पाण्यात सोडली तेव्हा पाण्याची पातळी दाखवणारा तांबडा पट्टा दिसेनासा झाला. तो पाण्याखाली होता. मेस्तानं बोट पुन्हा वर ओढून घेतली, पट्टा खरवडला आणि चार बोटं वर नवा रंगवला. पुन्हा सोडली, तर पट्टा अगदी जागच्या जागी! दाजींनी पेढे वाटले.

मांडवीवरच्या पुलांखालून जाताना उभी डोलकाठी अडते, म्हणून ती डेकवर आडवी निजवून आम्ही इंजिनावर पणजी गाठली. कॅसिनोच्या तरंगत्या महालांमधून आमची वरात जाताना वरच्या गॅलरीतून कोणीतरी हात हलवला. ताईनं तो स्वागत म्हणून घेतला. पणजीला डोलकाठी उभी केली आणि पहाटे आग्वादला वळसा घालून उत्तरेला निघालो. सकाळचा वारा जमिनीवरून येत होता, शिडं फुगली होती, समुद्र गुळगुळीत होता. ग्रॅनाइटवर पोहे झाले. ताईच्या चेहऱ्यावर ‘सांगत नव्हते?’ असा भाव होता आणि दाजी सुकाणू धरून मान डोलवत होते.

आता कोकण किनाऱ्याची एक गंमत अशी, की डिसेंबरात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, आणि मालवणही तिकडेच आहे. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. पंचेचाळीस अंश बाजूला धरून आधी समुद्राकडे, मग किनाऱ्याकडे, अशी नागमोडी जाते. वेग तिच्या पाण्यावरच्या लांबीनं ठरतो. आमच्या मापाच्या बोटीची हद्द साधारण सात नॉट, म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. तीही ग्रॅनाइट नसताना.

वारा आला तो नेमका एक वाजता, पुणेकराच्या वामकुक्षीच्या मुहूर्तावर. बोट कलली. ताई डबलबेडवर पहुडली होती ती एका दमात पाच फूट पार करून भिंतीला लागली. बोट वळली, दुसऱ्या अंगावर कलली, आणि ताई उशीसकट परत आली. दर वळणाला तिचा हा प्रवास चालू होता, आणि दर वेळी “अहो!” किंचित वरच्या पट्टीत. मला पाहुणा म्हणून मूळ आराखड्यातली उरलेली एकमेव दोन फुटी फळी दिली होती, कडेला कॅनव्हासचा पडदा ताणून बांधलेली. पाठीला बोटीची भिंत, पोटाला कॅनव्हास. हलायला जागाच नव्हती. इतकी गाढ झोप मला आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्येही लागत नाही.

चारला जाग आली ती किंकाळीनं. बोटीतली शेगडी दोन खिळींवर पाळण्यासारखी टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी ती सरळ राहते. कललेल्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहणाऱ्याला मात्र शेगडीच डुलताना दिसते. ताईनं ते पाहिलं, सुतळी शोधली, आणि शेगडी ओट्याला करकचून बांधून चहाचं आधण ठेवलं. पुढच्या लाटेला आधण, पत्ती, साखर आणि आल्याचा तुकडा फ्रिजच्या दारावर गेले. सुदैवानं ताई त्या बाजूला नव्हती.

“हलत होतं म्हणून बांधलं,” ती म्हणाली.

“हलतं म्हणूनच सरळ राहतं,” दाजी म्हणाले. त्यांचं एवढं लांब वाक्य मी प्रथमच ऐकत होतो.

मालवण राहिलं. अंधार पडता पडता वेंगुर्ल्याला नांगर टाकला. बोट स्थिर होताच ताईनं मेस्ताला फोन लावला आणि डबलबेड काढायला किती दिवस लागतील ते विचारलं.

“एक सकाळ,” मेस्त म्हणाला. “तो चिकटवलेला नाही, बाय. नुसते स्क्रू आहेत.”

ताई क्षणभर गप्प झाली. मग तिनं विचारलं, “त्या जागेत वॉशिंग मशीन मावेल?”

“मावेल की,” मेस्त म्हणाला. “पट्टा आणखी दोन बोटं वर घेतो.”