पावती न विकणाऱ्या मूर्खांचा सत्कार

खान्देशातल्या मूर्खांचा जाहीर सत्कार व्हायला हवा, आणि तो जळगावातच व्हायला हवा. भाईचंद हिराचंद रायसोनी म्हणजे बीएचआर मल्टिस्टेट पतसंस्थेची ठेव पावती ज्यांनी कुणालाही विकली नाही, ते हे मूर्ख.

कुणी कपाशीचे पैसे ठेवले होते, कुणी लेकीच्या लग्नाचे, कुणी निवृत्तीचे. २०१५ मध्ये संस्थापक अटकेत गेले आणि त्याच वर्षी संस्थेवर अवसायक आला. कर्जं वसूल करायची, मालमत्ता विकायची आणि ठेवीदारांचे पैसे वाटायचे, एवढंच त्याचं काम.

मग गावोगाव शहाणे फिरू लागले. "अप्पा, पावतीचं काय लोणचं घालताय? रुपयाला तीस पैसे रोख घ्या, नाहीतर तेही जातील." पोलिसांचा आरोप असा, की कर्जदारांनी अशा पावत्या तीस-चाळीस टक्क्यांत घेतल्या आणि आपल्या कर्जात पूर्ण किमतीला वळत्या केल्या. म्हणजे दहा लाखांचं कर्ज तीन-चार लाखांत फिटलं. ठेवीदाराकडून मात्र स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, की रक्कम पूर्ण मिळाली.

मूर्खाचं घोडं इथेच अडतं. तीस हजार हातात पडले असताना लाख मिळाले असं लिहायचं कसं, हे त्याला कळत नाही. त्याची पावती रेशनकार्डाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत असते. घडीवर चिरलेली, शिक्का पुसट, पण आकडा आणि सही स्वच्छ. सोयरे हसतात, मुलगा चिडतो, घरात औषधाला पैसे नसतात. तरी तो पावती सोडत नाही. या हट्टाला मी मनापासून हात जोडतो. ज्यांनी नाइलाजाने विकली, त्यांना मी बोल लावणार नाही. दवाखान्याचं बिल थांबत नसतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. २०२१ मध्ये खुद्द अवसायकालाच इंदूरहून अटक झाली. पावती विकणाऱ्याला आता आधी स्वतःच्या सहीशी भांडावं लागतं. मूर्खाची मागणी मात्र पूर्ण रकमेची, जशीच्या तशी उभी आहे.

१९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यानुसार जप्त मालमत्तेचं न्याय्य वाटप विशेष न्यायालयाच्या हुकमाने होतं. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवावा, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मग हजारो घरांचा पैसा हाताळणाऱ्या अवसायकाला ढिली दोरी का? काय वसूल झालं, कुणाला किती दिलं, कुणाची पावती कुणाच्या कर्जात गेली, हे न्यायालयाने दर महिन्याला मागवावं आणि ते जळगाव-धुळ्यात फलकावर लागावं.

तोवर मूर्खांनो, एवढं करा. मूळ पावती कुणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स द्या, पोच घ्या, आणि न मिळालेल्या रकमेखाली सही करू नका.